प्रिंटरचं हेड चोक झालं तर

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि आमच्या सोसायटीतले प्रिंटर त्याच आठवड्यात रुसायला लागतात. एप्रिलमध्ये परीक्षा संपलेल्या असतात, मे महिनाभर घरचे गावाला, खिडक्या बंद, खोली तापलेली आणि टेबलावर प्रिंटर एकटा. परत येऊन वेळापत्रक छापायला घ्यावं तर कागदभर पांढरे पट्टे. मग शेजारच्या मुलाचा फोन येतो, "काका, प्रिंटर गेला." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "क्लीनिंग किती वेळा मारलंस?" त्याचं उत्तरही ठरलेलं, "आठ-दहा वेळा. तरी काही फरक नाही."

आता त्या प्रिंटरमध्ये दोन दुखणी असतात. एक मे महिन्याचं आणि दुसरं आठ-दहा क्लीनिंगचं, म्हणजे प्रिंटरला शाई ओढून स्वतःची सफाई करायला लावण्याचं. पहिलं बहुतेक वेळा घरच्या घरी बरं होतं. दुसऱ्यात बाटलीभर शाई वाया जाते, नळ्यांमध्ये हवा शिरते आणि कधीकधी हेडच, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भागच, जातो. म्हणून पहिल्यांदा इंकजेट, म्हणजे पातळ शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर, घेतलेल्या माणसाने काय, कोणत्या क्रमाने आणि मुख्य म्हणजे किती वेळ थांबून करायचं ते इथे लिहितो आहे.

आत काय चाललेलं असतं

इंकजेटचं हेड म्हणजे फार बारीक भोकांची चाळण. त्या भोकांना नोझल म्हणतात. एकेक भोक केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं. घरोघरी दिसणाऱ्या एप्सन एल3110 मध्ये काळ्या शाईसाठी 180 आणि बाकीच्या तीन रंगांसाठी प्रत्येकी 59 नोझल आहेत. त्याचा सगळ्यात लहान थेंब 3 पिकोलिटरचा. म्हणजे एका मिलिलिटर शाईत असे सुमारे 33 कोटी थेंब बसतात. एवढ्या बारीक भोकाच्या तोंडाशी असलेल्या शाईतलं पाणी उडून जायला वेळ लागत नाही. शाई लवकर वाळू नये म्हणून तिच्यात ग्लायकोलसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यापुढे त्यांचंही फार चालत नाही. बऱ्याच प्रिंटरच्या माहितीपत्रकात वापरासाठी 10 ते 35 अंश सेल्सिअस तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे बंद खोली उन्हाळ्यात ही हद्द सहज ओलांडते.

थेंब बाहेर फेकायच्या दोन पद्धती आहेत. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरमध्ये नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो पुढचा थेंब ढकलतो. कॅननवाले याची एक गोष्ट सांगतात. 1977 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली, त्यावरून ही कल्पना सुचली. एप्सन आणि ब्रदर वेगळ्या वाटेने जातात. त्यांच्या हेडमध्ये पिझो नावाचा पदार्थ असतो. विजेचा दाब मिळाला की तो किंचित वाकतो आणि थेंब पिचकारीसारखा बाहेर पडतो. तिथे उष्णता लागत नाही.

हा फरक नुसता माहितीसाठी नाही. हीटरवाल्या हेडला शाई हीच थंडाई. नोझलला शाई पोचत नसताना पानांवर पानं छापत राहिलात तर हीटर कोरडाच तापतो आणि जळतो. "छापत राहा, आपोआप सुटेल" हा सल्ला म्हणून धोक्याचा आहे.

तुमचं मशीन कोणत्या जातीचं?

उपचार सुरू करण्याआधी एवढं नक्की करा. जाती तीन.

पहिली, हेड कार्ट्रिजवरच, म्हणजे शाईच्या डबीवरच, असलेली. एचपी आणि कॅननचे स्वस्तातले, दोन छोटी कार्ट्रिज लागणारे प्रिंटर. कार्ट्रिज बाहेर काढून उलटी केली की खाली तांब्याच्या रंगाची पट्टी आणि तिच्या एका टोकाला लहानशी चकचकीत पाटी दिसते. तेच हेड. इथे सगळ्यात वाईट काय होईल, तर नवीन कार्ट्रिज घ्यावी लागेल.

दुसरी, शाईच्या टाक्या बाहेर, पण हेड सुटं काढता येणारं. कॅननची जी मालिका, एचपीचे स्मार्ट टँक. हेड बदलता येतं. पण येतं म्हणून उगाच काढून बघू नका.

तिसरी, हेड मशीनमध्येच कायमचं बसवलेलं. एप्सनचे टाकीवाले सगळे यात आले. इथे हेड गेलं तर दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवीन मशीनच्या किमती बघायला लागतो. त्यामुळे सर्वांत जास्त जपायचं ते याच जातीला.

शाईचेही दोन प्रकार लक्षात ठेवा. डाय शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पिगमेंट शाई म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे अतिसूक्ष्म कण. वाळलेली डाय शाई पाण्याने पुन्हा सुटते. वाळलेला पिगमेंट भिंतीवरच्या डिस्टेंपरसारखा, त्याला जास्त वेळ भिजत घालावं लागतं. कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकी रंग डाय असतात. म्हणून तिथे कधीकधी रंग लगेच परत येतात आणि काळा अडून बसतो.

आधी खात्री करा, की चोकच आहे

छपाई बिघडली म्हणजे हेडच चोक झालं असं नाही. संगणकावर प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये जा, मेन्टेनन्स नावाचा भाग उघडा आणि नोझल चेक छापा. एचपीमध्ये हेच काम प्रिंट क्वालिटी रिपोर्ट नावाच्या पानावरून होतं. याला नगण्य शाई लागते. कागदावर चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी किंवा पट्टे येतात. एकेक रेघ म्हणजे एकेक नोझल. रेघ तुटलेली किंवा गायब असेल तिथलं नोझल बंद आहे.

हे पान फेकू नका. मागे पेन्सिलीने तारीख आणि वेळ लिहा. पुढचे दोन-तीन दिवस प्रत्येक पायरीनंतर असंच पान काढायचं आणि आधीच्याशी ताडून बघायचं. सुधारतंय, बिघडतंय की जागा बदलतेय, हे या पानांवरच कळतं.

पिवळ्या रंगाच्या रेघा पांढऱ्या कागदावर डोळे फोडून बघितल्या तरी दिसत नाहीत. त्यासाठी खोलीत अंधार करा, मोबाइलवर पूर्ण निळ्या रंगाचं चित्र लावून त्या उजेडात कागद धरा. पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे रेघा काळपट उठून दिसतात.

आता त्या पानाचा अर्थ. सगळ्या रेघा शाबूत आहेत, तरी छपाई फिकी येते? मग ड्राफ्ट मोड (शाई वाचवणारी फिकी छपाई) चालू राहिलाय का किंवा कागदाचा प्रकार चुकीचा निवडलाय का ते बघा. उभ्या रेषा दुहेरी किंवा वाकड्या येतात? हेड अलाइनमेंट, म्हणजे हेडची जुळणी, करा. संगणकावरून छापलेलं स्वच्छ येतं आणि झेरॉक्समध्येच रेघ येते? स्कॅनरच्या काचेवर डाग आहे, ओल्या कापडाने पुसा. एका रंगाच्या रेघा इकडे-तिकडे तुटल्यात आणि दर वेळी त्याच जागी तुटतात? हे खरं चोक. एक अख्खा रंग गायब आहे, किंवा तुटलेल्या जागा दर पानाला बदलतात? तर बहुधा हवा शिरलीय किंवा शाई पोचतच नाहीये. त्याचं पुढे सांगतो, कारण त्याला हेड भिजवून उपयोग नाही.

तीन वेळा, मग थांबा

खरं चोक असेल तर मेन्टेनन्समधलं हेड क्लीनिंग एकदा चालवा. लगेच नोझल चेक. सुधारणा दिसली तर दुसऱ्यांदा. पुन्हा नोझल चेक. मग तिसऱ्यांदा. इथे हात मागे घ्या. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि किमान 12 तास त्याच्याकडे बघूही नका. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरच्या पुस्तिकेत हेच सांगितलेलं आहे. कॅननमध्ये साधं क्लीनिंग, मग डीप (जास्त जोराचं) क्लीनिंग, आणि तरी जमलं नाही तर 24 तासांनी पुन्हा डीप क्लीनिंग, असा क्रम.

थांबून काय होतं? क्लीनिंग म्हणजे हेडच्या खालून एक छोटा पंप शाई ओढून घेतो. जी नोझल उघडी आहेत त्यांतून भसाभस शाई जाते. जी बंद आहेत त्यांच्या तोंडाशी थोडी ताजी शाई पोचते, एवढंच. ती ताजी शाई वाळलेल्या गुठळीला भिजवते, पण वेळ घेऊन. रात्रभर राजमा भिजत घालतो तसंच. ते न करता पंपच चालवत राहिलो तर उघड्या नोझलमधून शाईबरोबर हवा खेचली जाते आणि सकाळी चांगली असलेली नोझलही संध्याकाळी बंद दिसतात. शिवाय ओढलेली सगळी शाई मशीनच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये जाते. तो भरला की वेगळंच लचांड, त्याचंही पुढे.

12 तासांनी एक नोझल चेक, एक क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. माझ्याकडे येणाऱ्या जूनमधल्या केसेसपैकी बऱ्याच इथेच मिटतात. पोराला वाटतं काकांनी काहीतरी जादू केली. काकांनी फक्त त्याला रात्रभर बटणापासून लांब ठेवलेलं असतं.

एप्सनच्या अनेक टाकीवाल्या मॉडेलमध्ये पॉवर क्लीनिंग नावाचा मोठा डोस असतो, काही ठिकाणी त्याला पॉवर इंक फ्लशिंग म्हणतात. त्यात नळ्यांमधली सगळी शाई बदलली जाते. तो चालवण्याआधी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर नळ्यांत हवाच भरेल. एकदा चालवला की पुन्हा 12 तास थांबायचं. मी तरी हा शेवटचा उपाय समजतो. हवा शिरली असेल तर तो रामबाण, पण सुकलेल्या गुठळीसाठी आधी हाताने ओलावा द्यावा असं माझं मत.

हाताने साफ करायचं असेल तर

सामान फार लागत नाही. मेडिकलमधून इंजेक्शनचं पाणी घ्या, 5 किंवा 10 मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या कुप्या मिळतात. ते शुद्ध असतं, स्वस्त असतं आणि लागेल तेवढंच फोडता येतं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरही चालतं, पण लेबल वाचून घ्या. तिथे बॅटरीत घालायचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये ठेवलेलं असतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतील. फिल्टरच्या पाण्याचीही खात्री देता येत नाही. याशिवाय बिनसुईची 5 मिलिलिटरची सिरिंज, तंतू न सुटणारे टिश्यू, चष्मा पुसायचं मऊ कापड, हातमोजे आणि जुनी वर्तमानपत्रं. कापसाचा बोळा आणि कान साफ करायच्या काड्या लांब ठेवा, त्यांचे तंतू नोझलपाशी अडकतात. थिनर, ॲसिटोन, नेलपेंट रिमूव्हर यांनी प्लॅस्टिक आणि हेडवरचा लेप खराब होतो. सॅनिटायझरच्या जेलने हेड पुसणारे महाभागही मी पाहिले आहेत. ते जेल वाळून स्वतःच नोझल बंद करतं.

प्रिंटर चालू करा. आतलं कॅरेज, म्हणजे हेड घेऊन डावी-उजवीकडे पळणारा डबा, उजव्या टोकाची जागा सोडून मधे आला की मागची पिन ओढून घ्या. वीज पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच आत हात घाला. आता कॅरेज हळूच डावीकडे सरकवता येतं. त्याच्या मागे एक पारदर्शक पातळ पट्टी ताणलेली दिसेल. तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात आणि आपण कुठे आहोत हे कॅरेज त्या रेघा वाचून ओळखतं. तिला बोट लावू नका. शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला तर कॅरेज आंधळं होतं आणि धडका मारायला लागतं.

कॅरेज सरकवल्यावर उजवीकडे उघडी पडते ती कॅपिंगची जागा. रबराच्या चौकटीत बसवलेला चिमुकला स्पंज आणि शेजारी रबराचं वायपर. प्रिंटर बंद असताना हेड या चौकटीवर टेकतं आणि ती झाकण म्हणून काम करते. इथे बहुतेक वेळा शाईचा चिखल झालेला असतो, आणि नवखे लोक नेमकं इकडेच बघत नाहीत. चौकटीची कडा घाण असेल तर झाकण नीट बसत नाही, हवा लागते, हेड वाळतं. शिवाय पंप शाई ओढतो तोही याच चौकटीतून. कडा गळकी असेल तर पंप नुसती हवा ओढतो आणि तुम्ही पन्नास क्लीनिंग मारलीत तरी नोझल सुटत नाही.

तर आधी रबराची कडा आणि वायपर ओल्या कापडाने हलक्या हाताने पुसा. मग स्पंजवर इंजेक्शनच्या पाण्याचे थेंब टाका, स्पंज काठोकाठ भिजेपर्यंत. आता एक परीक्षा. पिन लावा, प्रिंटर चालू करा, एक क्लीनिंग होऊ द्या, मग पुन्हा आधीसारखंच कॅरेज बाजूला घेऊन बघा. स्पंजवरचं पाणी ओढलं गेलं असेल तर पंप ठीक आहे. तिथे काळं पाणी तसंच तुंबलेलं असेल तर पंप किंवा त्याची नळी बुजली आहे. मग दोष हेडमध्ये शोधू नका, आधी ते दुरुस्त करून घ्या.

पंप ठीक निघाला तर हेडची खालची बाजू भिजवायची. टिश्यूची तीन-चार घड्यांची, दोन बोटं रुंद पट्टी करा, कॅरेजच्या वाटेवर सपाट ठेवा, सिरिंजने पाणी टाकून ओली करा आणि कॅरेज हळूच तिच्यावर आणा. जोर अजिबात नको, नुसतं टेकलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी कॅरेज बाजूला घेऊन पट्टी बघा. चारही रंगांचे डाग उमटलेले दिसतील. ज्या रंगाचा डाग नाही, तो अडलेला. पट्टी बदला आणि पुन्हा ठेवा. असं दोन-तीनदा. मात्र पट्टी तशीच ठेवून झोपायला जाऊ नका. ती वाळली की हेडमधली शाई शोषून घेते, आणि रात्रभर भिजवण्याऐवजी तुम्ही रात्रभर सुकवलेलं असतं.

रात्रभर भिजवायचं तर वेगळी रीत आहे. पट्टी काढा, कॅपिंगच्या स्पंजवर पुन्हा पाणी टाका, प्रिंटर चालू करून हेडला आपल्या जागी जाऊ द्या आणि प्रिंटरच्या बटणाने बंद करा. आता हेड ओल्या स्पंजवर झाकलेलं आहे. सकाळी एक क्लीनिंग, एक नोझल चेक. रंग एकमेकांत मिसळलेले किंवा पाणीदार दिसले तर घाबरू नका, दोन-चार रंगीत पानं छापल्यावर निवळतात. पिगमेंट काळा असेल तर हा उद्योग दोन-तीन रात्री करावा लागतो.

कार्ट्रिजवर हेड असेल तर काम याहून सोपं. कार्ट्रिज काढा, बशीत टिश्यूची घडी ठेवा, तिच्यावर हाताला सोसेल एवढं गरम शुद्ध पाणी टाका आणि हेडची बाजू खाली करून कार्ट्रिज दोन-तीन मिनिटं ठेवा. उकळतं पाणी नको. मग कोरड्या टिश्यूवर हलकेच टेकवा. तिरंगी कार्ट्रिजचे तीन वेगळे पट्टे आणि काळ्याचा एक गडद पट्टा उमटला की काम झालं. घासू नका, टेकवा. तांब्याच्या रंगाचे संपर्कबिंदू पूर्ण कोरडे केल्याशिवाय परत बसवू नका.

आता सिरिंजने हेडमध्ये पाणी मारण्याबद्दल. चार वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या प्रिंटरचा मॅजेन्टा (गुलाबी) रंग अडला होता. हेडच्या शाई आत जाण्याच्या टोकाला नळी लावली, पाणी भरून दट्ट्या दाबला. जात नव्हतं, म्हणून अजून दाबला. आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, पाणी सरसर खाली आलं, मी खूश. दुसऱ्या दिवसापासून मॅजेन्टा आणि पिवळा एकमेकांत मिसळून नारिंगी यायला लागला. रंगांमधला आतला पडदा मी फोडला होता. अंगठ्याने सिरिंजवर सहज येणारा दाब त्या हेडच्या आतल्या पातळ भिंतींसाठी फार होतो. तेव्हापासून हेड जागेवर असताना मी सिरिंज फक्त पाणी टाकायला वापरतो, ढकलायला नाही. तुम्हीही तेवढ्यावरच थांबा.

हवा शिरली असेल तर

टाकीवाल्या प्रिंटरमध्ये शाई लांब नळ्यांमधून हेडपर्यंत जाते. टाकीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली किंवा प्रिंटर आडवा करून रिक्षातून नेला की नळीत हवा जाते. झाकण उघडून टॉर्च मारलात तर नळ्यांमध्ये रंगाच्या मधे मधे मोकळी जागा दिसते. अशा वेळी टाकी भरा, प्रिंटर सपाट जागेवर रात्रभर बंद ठेवा आणि मग क्लीनिंग किंवा पॉवर क्लीनिंग. एप्सनच्या जुन्या एल110, एल210 सारख्या मॉडेलमध्ये टाकीच्या बाजूला एक खटका आहे, प्रवासात शाई बंद करण्यासाठी. घर बदलताना तो फिरवतात आणि नव्या घरात उघडायला विसरतात. मग काही पानं छापून झाली की सगळे रंग एकदम आटतात. मी एकदा दीड तास खटपट केल्यावर कुणाच्या तरी आजींनी विचारलं होतं, "हे बटण कशाचं रे?" तेच होतं.

रोजच्या सवयी

पहिली सवय भिंतीवरच्या बोर्डाची. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला की तो हेड नेऊन झाकणावर बसवतो आणि मग विझतो. आपण वीज वाचवायला थेट बोर्डाचं बटण पाडतो. काम चालू असताना तसं केलं की हेड वाटेत उघडं राहतं. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग बोर्ड. छापताना लाइट गेली तर आल्याबरोबर एकदा प्रिंटर चालू करा, त्याची खडखड होऊ द्या, मग नीट बंद करा. त्याच वेळी दिवसातून पाच वेळा बंद-चालूही करू नका, बरेच प्रिंटर चालू होताना दर वेळी थोडी शाई खर्च करतात.

दुसरी सवय, आठवड्याला एक रंगीत पान. जे कायम काळ्यातच फॉर्म आणि प्रश्नपत्रिका छापतात त्यांचे रंग अडतात, आणि मग ते म्हणतात, "मी तर रोज छापतो." आमच्याकडे दूध आणि पेपरच्या हिशोबाचा तक्ता दर रविवारी छापतो. त्याचे चार रकाने चार रंगांत आहेत : आकाशी, गुलाबी, पिवळा आणि काळा. तेवढं पुरतं.

शाई टाकताना डाय असलेल्या टाकीत पिगमेंट किंवा पिगमेंटच्या टाकीत डाय जाऊ देऊ नका. बाहेरची स्वस्त शाई काहींना वर्षानुवर्षं चालते, काहींचं हेड सहा महिन्यांत घालवते. मशीन वॉरंटीत असेपर्यंत तरी कंपनीची घ्या. जुना प्रिंटर विकत घेताना तो कप-टीशर्ट छपाईच्या दुकानातला नाही ना ते विचारा, तिथे सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने कपावर-कापडावर उतरणारी, वेगळीच शाई भरलेली असते आणि ती नळ्यांमधून पूर्ण निघणं कठीण.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हेड फारसं वाळत नाही, पण कागद दमट होऊन वाकतो आणि जाताना हेडला घासतो. रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं घाला. कागद ओढला जात नसेल तर मागचे रबरी रोलर ओल्या कापडाने पुसा. आणि प्रिंटर खिडकीच्या उन्हात किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका.

तो तळातला स्पंज

क्लीनिंगची सगळी शाई मशीनच्या तळातल्या पॅडमध्ये साठते. ते किती भरलंय हे बहुतेक मशीन पॅडकडे बघून ठरवत नाही, प्रत्येक क्लीनिंगचा हिशोब ठेवून ठरवतं. आकडा ठरलेल्या मर्यादेला पोचला की एप्सन पॅडचं आयुष्य संपल्याचा संदेश देतं, कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर 5बी00 दिसतं, आणि मशीन काम थांबवतं. बाजारात काही पैशांत तो आकडा शून्य करून देणारे भेटतात. आकडा शून्य करण्यात गैर काही नाही, पण पॅड न बदलता केला तर एक दिवस टेबलावर, तिथून गादीवर शाई येते. पॅड बदलणार का, आधी एवढं विचारा. नव्या काही मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या जी3020 मध्ये, वापरलेल्या शाईची डबी सुटी मिळते आणि घरच्या घरी बदलता येते. नवीन घेताना ही सोय आहे का ते बघा. दुकानदार वायफायबद्दल भरभरून बोलेल, याबद्दल आपणहून बोलणार नाही.

कधी सोडून द्यायचं?

तीन रात्री भिजवून, पंप ठीक असून, टाक्या भरलेल्या असून नोझल चेकचं पान जसंच्या तसं येत असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. जाताना तारखा घातलेली पानं बरोबर न्या, त्यांना तपासणीत वेळ घालवावा लागत नाही. हेड बदलण्याचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी बदलत नाही. आणि वर्षाला शंभर पानंही छापत नसाल, तीही काळी, तर दुसरा इंकजेट घेऊच नका. काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्या. त्यात कोरडी पूड असते, ती सहा महिने पडून राहिली तरी वाळायचा प्रश्न नाही. फोटो आणि रंगीत तक्ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढा.

इंकजेटच ठेवायचा असेल तर पुढच्या मे महिन्यात गावाला निघण्याच्या आदल्या दिवशी एवढं करा. टाक्या अर्ध्याच्या वर भरा. नोझल चेक काढा, तुटक असेल तर एक क्लीनिंग करून ते पान पूर्ण येईल असं बघा, कारण अर्धवट चोक झालेलं हेड महिन्याभरात पूर्ण होतं. कॅपिंगच्या स्पंजवर पाच-सहा थेंब शुद्ध पाणी टाका. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा, दिवा विझू द्या, मग पिन काढा. ट्रेमधले कागद काढून वर जुनी चादर घाला आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. शेजारी किल्ली ठेवून जात असाल, तर झाडांना पाणी घालणाऱ्याला पंधरा दिवसांनी एक रंगीत पान छापायलाही सांगा. कसं ते चिठ्ठीवर लिहून प्रिंटरलाच चिकटवा.